फाइल सर्व्हरवर डीडुप चालू करू का? एका छपाई स्टुडिओच्या ११ टीबींचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. (डीडुप म्हणजे तोच डेटा दुसऱ्यांदा न साठवता जुन्याच प्रतीवर भागवणं.) छपाई आणि डिझाइनचा स्टुडिओ आहे. ट्रूनॅस (झेडएफएस या फाइल सिस्टिमवर चालणारी साठवणूक-सर्व्हरची प्रणाली) चालवणारं एक मशीन, ३२ जीबी रॅम, ८ टीबीच्या चार हार्ड डिस्का दोन-दोनच्या मिररमध्ये (जोडीतल्या दोन्ही डिस्कांवर तीच प्रत), त्यात ११ टीबी भरलेले. बहुतांश कोरलड्रॉ, फोटोशॉप, टिफ आणि पीडीएफ फाइली. त्याच पूलवर (सगळ्या डिस्का मिळून झालेल्या साठ्यावर) तीन व्हर्च्युअल मशीन, पैकी एकावर हिशोबाचं सॉफ्टवेअर, ज्याच्या डेटाबेसची रोज रात्री झिप बनते. दर रविवारी चालू वर्षाचं फोल्डर, साधारण २ टीबी, दुसऱ्या लिनक्स मशीनवर तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी होतं आणि ते मशीन आता भरत आलंय. "निम्मा डेटा तोच तोच आहे. झेडएफएसचं डीडुप चालू केलं तर जागा वाचेल का? की व्हीडीओ (लिनक्समधलं डीडुपचं दुसरं तंत्र) घ्यावं? ओपन सोर्समधलं दुसरं काही आहे का?"

आधी उत्तर देतो, मग कारणं. चालू कामाच्या पूलवर डीडुप लावू नका. बॅकअपवर लावा, आणि तिथे ते फाइल सिस्टिमकडून नव्हे तर बॅकअपच्या साधनाकडून करून घ्या. व्हर्च्युअल मशीनना डीडुप लागतच नाही, क्लोन (एकाच साच्यावरून काढलेली, ब्लॉक सामाईक ठेवणारी प्रत) पुरतो.

डीडुपची कल्पना सोपी आहे. डेटाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्याच्या बाइटांवरून निघणारा छोटा ठसा) काढायचा, तो आधी पाहिलेला असेल तर तुकडा पुन्हा न लिहिता जुन्याकडे बोट दाखवायचं. हॅश काढायला आजच्या प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत. महाग पडतो तो "आधी पाहिलाय का?" हा प्रश्न. तो प्रत्येक तुकड्यामागे विचारावा लागतो आणि हॅशला कसलाही क्रम नसल्यामुळे त्याचं उत्तर सूचीत कुठेही असू शकतं. सूची रॅममध्ये मावली तर ठीक. नाही मावली तर प्रत्येक लेखनामागे हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळतं, आणि फिरत्या डिस्कला अशा विखुरलेल्या वाचनाच्या सेकंदाला शंभरेक फेऱ्या जमतात, त्यापुढे नाही. सर्व्हर बंद पडत नाही, नुसता रांगतो. डिझायनर म्हणतो "नेटवर्क स्लो आहे", आणि तुम्ही स्विच बदलत बसता.

झेडएफएसमध्ये डीडुप २००९ च्या अखेरीस आलं, ओपनसोलारिसच्या काळात. त्याच्या सूचीला डीडुप टेबल म्हणतात. एका नोंदीला रॅममध्ये सुमारे ३२० बाइट लागतात असा जुना अंदाज आहे. तुमचाच हिशोब घ्या. रेकॉर्डसाइज (एका ब्लॉकचा कमाल आकार) १२८ केबी हा नेहमीचा आकार धरला तर ११ टीबी म्हणजे जवळपास ८.४ कोटी ब्लॉक. गुणिले ३२० बाइट, म्हणजे सुमारे २७ जीबी. मशीनमध्ये एकूण ३२ जीबी आहेत, आणि त्यातच वाचनाचा कॅश, तीन व्हर्च्युअल मशीन आणि सांबा (विंडोजला फाइली पुरवणारी सेवा). व्हर्च्युअल मशीनच्या झेडव्हॉलचं (झेडएफएसने दिलेल्या आभासी डिस्कचं) गणित तर आणखी वाईट: त्यांचा ब्लॉक ८ केबी असेल तर एकाच टीबीला १२ कोटींहून जास्त नोंदी आणि ३९ जीबी रॅम. ओपनझेडएफएस २.२ पासून हा नेहमीचा आकार १६ केबी झाला, तरी निम्मा भार उरतोच.

डीडुप एकेका डेटासेटवर (पूलच्या स्वतंत्र कप्प्यावर) चालू करता येतं म्हणून "एका फोल्डरवर करून बघू" असं वाटतं. पण टेबलाचा भार सगळ्या पूलवर येतो. शिवाय ते नव्या लेखनालाच लागू होतं. आधीचे ११ टीबी जसेच्या तसे राहतात. आणि बंद केलं तरी लिहिलेले ब्लॉक टेबलात राहतात, ते पुसले जाईपर्यंत. पुसणं हाच खरा त्रास. डीडुप केलेला मोठा स्नॅपशॉट (एका क्षणाची गोठवलेली स्थिती) किंवा डेटासेट काढताना प्रत्येक ब्लॉकची नोंद शोधून तिची मोजणी एकाने कमी करावी लागते. अपुऱ्या रॅमच्या मशीनवर हे काम तासन्‌तास चालतं आणि तेवढा वेळ पूल कोणाला नीट दाद देत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये यावर बरंच काम झालंय. क्लारा आणि आयएक्ससिस्टिम्स या कंपन्यांनी मिळून केलेलं हे "फास्ट डीडुप". टेबलातले बदल आता आधी लॉगमध्ये साठतात आणि एकत्र उतरतात, टेबलाच्या आकाराला कोटा घालता येतो, आणि ज्यांची दुसरी प्रत कधी आलीच नाही अशा जुन्या नोंदी छाटता येतात. ही छाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण खऱ्या पूलमध्ये टेबलाचा बहुतांश भाग अशा एकुलत्या एक ब्लॉकांनीच भरलेला असतो. पण तेच तुमच्याही डेटाचं दुखणं आहे: सूची नीट सांभाळली गेली, तरी मुळात सापडणार काय?

ते मोजता येतं, आणि मोजल्याशिवाय कोणी "निम्मा वाचेल" म्हणालं तर मी ऐकत नाही. झेडडीबी ही कमांड कॅपिटल एस पर्याय आणि पूलचं नाव देऊन चालवा. ती काहीही न बदलता डीडुपचं नाटक करते आणि शेवटच्या ओळीत गुणोत्तर देते. मोठ्या पूलवर ती बराच वेळ घेते आणि रॅमही खाते, म्हणून सुट्टीच्या दिवशी लावा. डीडुपचा आकडा २ च्या खाली आला तर विषय संपला. स्टुडिओच्या डेटावर तो १ च्या आसपासच घोटाळेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याला कारण आहे.

कोरलड्रॉच्या एक्स४ आवृत्तीपासून सीडीआर फाइल आतून झिपच असते. पीडीएफमधले प्रवाह बहुधा दाबलेले असतात, जेपीईजी तर दाबलेलाच जन्मतो. दाबलेल्या डेटात एक अक्षर बदललं की तिथून पुढचे बाइट वेगळे निघू शकतात. म्हणजे "लग्नपत्रिका_फायनल" आणि "लग्नपत्रिका_फायनल_२" डोळ्यांना जुळ्या दिसतात, पण ब्लॉकच्या पातळीवर त्यांचं नातं जवळपास तुटलेलं असतं. डीडुपला साम्य कळत नाही, फक्त तंतोतंतपणा कळतो. झेडएफएसमध्ये आणखी एक पेच आहे: तिथे ब्लॉक आधी दाबला जातो, मग त्याचा हॅश पाहिला जातो. एका डेटासेटवर एलझेड४ आणि दुसऱ्यावर झेडस्टँडर्ड ही दाबण्याची पद्धत असेल, किंवा रेकॉर्डसाइज वेगळी असेल, तर तीच फाइल दोन्हीकडे असूनही जुळत नाही.

मग "निम्मा तोच तोच" हा तुमचा अनुभव खोटा का? नाही. मागच्या वर्षीच्या दिवाळी अंकाचं अख्खं फोल्डर यंदासाठी कॉपी केलं, त्यातली चारशे चित्रं कोणी उघडलीही नाहीत, अशा अखंड प्रती तुमच्याकडे नक्की असतील. त्या शोधायला आरएमलिंट किंवा जेडुप्स ही साधनं पुरेत. आधी फक्त अहवाल काढा आणि किती जीबी निघतात ते बघा. चालू कामाच्या फाइलींना हार्ड लिंक (एकाच फाइलला दोन नावं) मात्र करू नका. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतात, काही जागच्या जागी लिहितात. दुसऱ्या प्रकारात एका ग्राहकाचं काम बदललं की दुसऱ्या ग्राहकाच्या फोल्डरमधलंही बदलतं.

हवं असतं ते रिफ्लिंक: दोन स्वतंत्र फाइली, आतले ब्लॉक सामाईक, एकीत बदल झाला की तेवढाच ब्लॉक वेगळा. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर हे मुरलेलं तंत्र आहे. तिथे ड्यूपरिमूव्ह, किंवा बीटीआरएफएससाठी बीज, सवडीने डिस्क पालथी घालतात आणि सापडलेल्या जोड्या कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) देतात. कर्नल हॅशवर विश्वास ठेवत नाही. दोन्ही भाग बाइटगणिक ताडून बघतो आणि मगच जोडतो. त्यामुळे साधनात चूक असली तरी डेटा बिघडत नाही. लेखनाच्या वेळी कसला भार नाही, सूची सतत रॅममध्ये ठेवायची नाही. लहान सर्व्हरला सवडीचं डीडुप हेच योग्य असं माझं स्पष्ट मत आहे.

झेडएफएसवर याचा भाऊबंद म्हणजे ब्लॉक क्लोनिंग, ऑक्टोबर २०२३ च्या २.२ मध्ये आलेलं. कॉपी करतानाच नवी फाइल जुने ब्लॉक वापरते. पुढच्याच महिन्यात काही कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्यं सापडली आणि २.२.१ मध्ये ही सोय घाईने बंद करावी लागली. शोध घेतल्यावर मूळ दोष क्लोनिंगचा नव्हे, त्याहून जुना निघाला आणि २.२.२ मध्ये दुरुस्त झाला. २.३ पासून क्लोनिंग पुन्हा आपोआप चालू असतं. तुमच्या आवृत्तीत ते आहे का पाहा. फोल्डर कॉपी करून पूलचा बीक्लोनसेव्ह्ड हा गुणधर्म वाढतो का हे बघितलं की खात्री पटते. मात्र झेडएफएस सेंडने (स्नॅपशॉट दुसरीकडे पाठवणाऱ्या कमांडने) दुसऱ्या पूलवर पाठवलं की ही भागीदारी सोबत जात नाही, तिथे पूर्ण जागा लागते.

व्हीडीओबद्दल. हे पर्माबिट कंपनीचं तंत्र. २०१७ मध्ये रेड हॅटने ते विकत घेऊन खुलं केलं, २०१८ च्या आरएचईएल ७.५ या आपल्या लिनक्समध्ये आणलं, आणि २०२४ मध्ये ते लिनक्स ६.९ च्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झालं. त्याची रचना झेडएफएसपेक्षा चतुर आहे. ते ४ केबीचे तुकडे पाहतं, तरी सूचीला पाव जीबी रॅम पुरते आणि प्रत्यक्ष डिस्कच्या दर टीबीला आणखी २६८ एमबी. हे जमतं कारण त्याची सूची पूर्ण असण्याचा आग्रहच धरत नाही: अलीकडे लिहिलेल्या ठरावीक डेटाची खिडकी लक्षात ठेवते, जुनं विसरते. हॅशही हलका वापरते आणि तो जुळला की खरा ब्लॉक वाचून खात्री करते. एखादं डुप्लिकेट निसटलं तर थोडी जागा जाते, डेटा जात नाही.

तरी तुम्हाला ते नको. व्हीडीओ फाइल सिस्टिमच्या खाली बसतं, आणि वरच्या फाइल सिस्टिमला खऱ्यापेक्षा मोठी डिस्क दाखवतं. १० टीबीची डिस्क ३० टीबी म्हणून दाखवली आणि अंदाज चुकला, तर डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) अर्धी जागा रिकामी सांगत असतानाच लेखन अपयशी ठरायला लागतं. व्हीडीओस्टॅट्सवर (खरी उरलेली जागा दाखवणाऱ्या कमांडवर) पहारा ठेवणारं आणि वेळेवर एफएसट्रिम (पुसलेली जागा खाली कळवणारी कमांड) चालवणारं माणूस लागतं. एकाच साच्यातून काढलेली पन्नास व्हर्च्युअल मशीन असलेल्या जागी ते सोन्यासारखं आहे. तुमच्याकडे तीन आहेत. एक साचा बनवा, त्याचा स्नॅपशॉट घ्या, त्यावरून झेडएफएस क्लोन काढा. साम्य जन्मतःच सामाईक राहील, शोधावं लागणार नाही.

आता बॅकअप. डीडुपची खरी कमाई इथे आहे, कारण दर रविवारचे ते २ टीबी आठवड्यापूर्वीच्या २ टीबींपेक्षा जेमतेम वेगळे असतात. दुसरं मशीनही झेडएफएसवर नेता येत असेल तर स्नॅपशॉट आणि वाढीव सेंड (फक्त बदल पाठवणं) एवढ्यानेच तारखेची फोल्डरं बंद होतील, डीडुपचं नावही न घेता. तरीही मी तुमच्या जागी वेगळं, फाइल सिस्टिमशी संबंध नसलेलं साधन घेतलं असतं, कारण मूळ आणि बॅकअप दोन्ही एकाच सॉफ्टवेअरवर टांगलेले नसावेत. पर्याय: बॉर्ग, रेस्टिक, कोपिया, आणि प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर ती असतील तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर.

ही साधनं तुकडे पाडतात ती रीत समजून घेण्यासारखी आहे. ठरावीक आकाराचे तुकडे म्हणजे पंगतीत दहा-दहा पानांचे गट मोजणं. सुरुवातीला एक पाहुणा वाढला की पुढचा प्रत्येक गट बदलतो. त्याऐवजी "लाल पगडीवाला दिसला की गट संपला" असा नियम केला, तर पाहुणा कुठेही घुसो, त्याचा गट तेवढा बदलतो. फाइलवरून एक छोटी खिडकी सरकवत नेतात, तिचा फिरता हॅश काढतात, आणि त्याचे ठरावीक बिट शून्य आले की तिथे कापतात. या हॅशचं गणित मायकेल रॅबिन यांनी १९८१ मध्ये मांडलं. रेस्टिक त्यांचीच पद्धत वापरतं: तुकडा ५१२ केबी ते ८ एमबी, सरासरी १ एमबीच्या आसपास. बॉर्ग बझहॅश हा दुसरा फिरता हॅश वापरतं आणि सरासरी २ एमबी धरतं. इतका मोठा तुकडा म्हणजे सूची लहान. दिवसभर लिहिणाऱ्या फाइल सिस्टिमला जे परवडत नाही ते रात्रीच्या बॅकअपला परवडतं.

यातून सीडीआर फाइलींनाही थोडा लाभ होतो. झिपमधला प्रत्येक घटक स्वतंत्र दाबलेला असतो, म्हणून न बदललेलं मोठं चित्र पुन्हा सेव्ह केल्यावरही त्याच बाइटांत उतरण्याची शक्यता असते आणि सरकत्या खिडकीला ते सापडू शकतं. चाळीस केबीचा घटक मात्र एकटा कधीच सापडणार नाही.

बॉर्ग की रेस्टिक? बॉर्ग हे २०१५ मध्ये अ‍ॅटिकमधून फुटून निघालं. एका मशीनचा बॅकअप एका रिपॉझिटरीत (बॅकअपच्या भांडारात), यात ते उत्तम आहे. अनेक मशीन एकाच रिपॉझिटरीत लिहू लागली की कुलपासाठी वाट पाहतात आणि कॅश पुन्हा जुळवत बसतात. तुमच्याकडे मूळ सर्व्हर आणि तीन व्हर्च्युअल मशीन आहेत, एखादं विंडोजही असेलच, म्हणून रेस्टिक घ्या आणि सगळ्यांना एकच रिपॉझिटरी द्या. वेगवेगळ्या रिपॉझिटऱ्यांत आपसात डीडुप होत नाही. एन्क्रिप्शनची चिंता नको: तुकडे आधी जुळवले जातात, मग कुलूपबंद होतात. उलट क्रम, म्हणजे आधीच एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींवर डीडुप, कुठेच चालत नाही.

त्या रोजच्या डेटाबेसच्या झिपचं तेवढं बघा. झिप करू नका. डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत) साधा सोडा, रेस्टिक ०.१४ पासून स्वतःच दाबतं. दाबायचाच असेल तर जीझिपचा आरसिंकेबल पर्याय द्या, त्याने बदलाचा परिणाम पुढे पसरत नाही. एवढ्या एका बदलाने रोजची वाढ किती घटते ते आठवडाभरात दिसेल.

हॅश चुकून जुळला तर, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. २५६ बिटांच्या चांगल्या हॅशमध्ये योगायोगाची भीती धरू नका. त्याआधी रॅम, केबल, डिस्क सगळं दगा देईल. मुद्दाम घडवलेली टक्कर ही वेगळी गोष्ट. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ प्रसिद्ध केल्या. वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या कोडच्या भांडारात कोणीतरी त्या चाचणी म्हणून टाकल्या, आणि भांडारच अडकलं, कारण ते भांडार सांभाळणारं सबव्हर्जन आतून एसएचए-१ वर डीडुप करत होतं. रेस्टिक एसएचए-२५६ वापरतं.

यापेक्षा खरी जोखीम वेगळी आहे. आजवर तुमच्या दुसऱ्या मशीनवर बारा रविवारची बारा फोल्डरं होती. ढिसाळ असली तरी त्या बारा प्रती होत्या. डीडुपनंतर बारा तारखा दिसतील, पण न बदललेल्या तुकड्याची प्रत एकच. त्या जागी डिस्क खराब झाली की बाराही तारखांमधली ती फाइल गेली. म्हणून वाचलेल्या जागेचा काही भाग दुसऱ्या रिपॉझिटरीवर खर्च करा, वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या इमारतीत. रेस्टिक प्रत्येक रिपॉझिटरीसाठी कुठे कापायचं ते ठरवणारं बहुपद यदृच्छया निवडतं, म्हणून दुसरी तयार करतानाच पहिलीचे चंकर पॅरामीटर (हेच कापण्याचे नियम) कॉपी करण्याचा पर्याय द्या. नाहीतर एकीतून दुसरीत नेलेला आणि दुसरीत थेट घेतलेला बॅकअप एकमेकांशी जुळणार नाही. दर महिन्याला चेक चालवा, तोही डेटाचा काही हिस्सा प्रत्यक्ष वाचायला सांगून. आणि एखादं जुनं काम परत काढून कोरलड्रॉमध्ये उघडून बघा.

जुने बॅकअप काढल्यावर जागा लगेच सुटली नाही तर घाबरू नका. रेस्टिकमध्ये फरगेट फक्त तारीख काढतं. तुकडे प्रून काढतं. बॉर्गमध्ये १.२ पासून प्रूननंतर कॉम्पॅक्ट चालवावं लागतं. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचं गार्बेज कलेक्शन तर नुकताच वापरलेला तुकडा चुकून जाऊ नये म्हणून २४ तासांहून जास्त थांबतं. ही सफाई मूळ सर्व्हरवरून नव्हे, बॅकअपच्या मशीनवरून चालवा, आणि मूळ सर्व्हरला फक्त भर घालण्याचा अधिकार द्या. रेस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरमध्ये तशी सोय आहे. रॅन्समवेअर शिरलं तर त्याला जुन्या तारखा पुसता येणार नाहीत.

आणि हे वाचेपर्यंत तुम्ही कुठल्या डेटासेटवर डीडुप चालू केलंच असेल, तर झेडपूल स्टेटसला कॅपिटल डी पर्याय देऊन टेबल किती मोठं झालंय ते बघा. मग डीडुप बंद करा, डेटा झेडएफएस सेंडने नव्या डेटासेटमध्ये न्या (साध्या कॉपीत क्लोनिंगमुळे जुनेच ब्लॉक वापरले जाऊ शकतात), आणि जुना डेटासेट एका झटक्यात न उडवता आधी स्नॅपशॉट, मग फोल्डरं, असा रात्री थोडा थोडा काढा.